जोच्या तोंडी माझा आवाज

हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. आज सांगून टाकतो — मध्ये थांबवू नका, थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही.

मी बहारीनला साउंड रेकॉर्डिस्ट आहे. मूळचा साताऱ्याचा, राहायला बुसैतीनला. काही वर्षांपूर्वी इथल्या वाळवंटात एका अमेरिकन सिनेमाचं शूटिंग झालं. त्यात जो नावाचा एक नट होता — लाकोटा, म्हणजे अमेरिकेतल्या मूळच्या लोकांपैकी. तरुणपणी सैन्यात, आखातातच लढलेला. परतल्यावर कुणीतरी त्याला सिनेमात घेतलं. तेव्हापासून तो पडद्यावर मरतच होता — कधी पिसांचा टोप घालून, कधी गणवेशात. पण बोलायला? एक वाक्य मिळालं नाही कधी.

या वेळी तो अडून बसला. मरणाऱ्या सैनिकाचे शेवटचे शब्द मी माझ्या भाषेत बोलणार, नाहीतर दुसरा माणूस बघा. दिग्दर्शक कबूल झाला. शॉटआधी जो माझ्याजवळ आला. म्हणाला, "नीट घे हं. माझी आई ऐकणार आहे."

तो बोलला. सगळं युनिट त्याच्याकडे बघत होतं. आणि मी — मी फोनवर मेसेज बघत होतो. रेकॉर्डर सुरूच केला नव्हता. लांबच्या कॅमेऱ्याच्या माइकमध्ये आला होता तो नुसता वारा.

तेव्हाच सांगता आलं नसतं? आलं असतं. जो अजून इथेच, अमवाजच्या हॉटेलात होता. एक फोन केला असता तर पुन्हा बोलायला आला असता. पण नोकरी जाईल, व्हिसा जाईल... आवाज घुमू नये म्हणून घरी कपाटात तोंड घालून मीच बोललो आणि ते रेकॉर्ड करून दिलं. काहीबाही, अर्थ नसलेलं, त्याच्या ओठांना जुळेल असं. कुणाला कळणार होतं?

सिनेमा आला तेव्हा त्याच्या आईला कळलं — ही आपली भाषाच नाही.

जोने दिग्दर्शकाला फोन केला, दिग्दर्शकाने मला विचारलं. इथवर तो भ्याडपणा होता — पण यानंतर मी जे केलं, त्याला काय म्हणाल? मी म्हणालो, "सर, तो बोलला तेच आहे. त्यालाच भाषा धड येत नसेल." दिग्दर्शकाला ते पटलं. त्याने चार जणांना सांगितलं. जोला पुन्हा काम मिळालं नाही.

परवा माझ्या मुलीने तो सिनेमा लावला. ईसा टाउनच्या शाळेत जाते, मराठी कळते, बोलते इंग्रजीच. जो पडद्यावर बोलला आणि ती हसत सुटली, "बाबा, दॅट्स यू!"

काल जोचा नंबर मिळवला. सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई गेली. मी तिला सांगत राहिलो, तो आवाज माझा नाही. तिला वाटलं, भाषा विसरलो, आणि आता लाजेपायी खोटं बोलतोय."

त्याने फोन ठेवला. मी उभ्याउभ्याच दिग्दर्शकाला फोन लावला.