मुखरूचं स्टेअरिंग

हेमराज माहा नवरा. मी नवऱ्याचं नाव घेते. ज्याले खटकते त्यानं कानात बोटं घालावी. भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बत्तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाले तेव्हा मले वाटलं, आता माणूस जरा घरी टेकेल. टेकते कुठी! चौथ्याच दिवशी ट्रॅक्टरले बांधून एक गाडी ओढत आणली अन् घरामागच्या सांदवाडीत, माह्या वांग्याच्या वाफ्यावर उभी केली.

गाडी म्हणजे नुसता सांगाडा. विलायती एमजी, दोन शिटांची, वरून उघडी. जुन्या कोळसा खाणीच्या मॅनेजर साहेबाची होती. खाण सरकारी झाली, साहेब निघून गेला, गाडी बंगल्यामागं सडत पडली. ज्याले जे पाहिजे ते त्यानं खोलून नेलं.

"हे भंगार काऊन आणलं जी?" मी ओरडली.

"बाबासाठी," एवढंच बोलले.

बाबा म्हणजे माहे सासरे, मुखरू. मी त्यायले मामाजी म्हणते. पंच्याऐंशी वर्षांचे, डोळ्यानं जवळपास आंधळे. जवानीत ते हीच गाडी धुवायचे. धुवायची, पुसायची, ढकलायची. पण बसायचं नाई, असा साहेबाचा हुकूम. एकोणीस वर्षांचे असताना एकदा आतून पुसता पुसता शिटावर टेकले अन् स्टेअरिंगवर हात ठेवला. साहेबानं पाहिलं. छडी अशी हाणली का उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं. वरून त्याच हातानं शीट दोनदा धुवून घेतलं. बोट अजून वाकडंच आहे. हे ऐकलं त्या दिवसापासून मी वांग्याचं नाव काढलं नाई.

साऱ्या मोहल्ल्याले मात्र अक्कल फुटली. "हेमराजभाऊ, मारुतीचं इंजिन टाका. जीपचं स्टेअरिंग बसवा. म्हाताऱ्याले कुठी दिसते?"

मामाजी खाटेवरून गरजले, "दिसत नाई, पण हाताले समजते! दुसऱ्या चाकावर बसून मी काय करू? मले तेच पाहिजे."

झालं. बापलेक दोघंही एकाच मातीचे. चार वर्षं हेमराज गावोगाव फिरले. एक हेडलाइट कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात लटकलेला भेटला. कार्बोरेटर एका राइस मिलवाल्याच्या टेबलावर कागदं दाबत बसला होता. कुठी मिळालंच नाई ते सामान चेन्नईचा एक म्हातारा मेकॅनिक पार्सलनं पाठवे. दोघायले एकमेकांची भाषा येत नव्हती, फोटो पाठवूनच बोलत. एक दिवस इंजिन खोकललं अन् चालू झालं. राह्यलं फक्त स्टेअरिंग. अन् इकडं मामाजीच्या छातीत पाणी भरू लागलं. डॉक्टर म्हणे, जास्त दिवसांची आशा ठेवू नका.

तेवढ्यात सिंदेवाहीहून माह्या बहिणीनं, ठमाबाईनं, झाडीपट्टीच्या नाटकाचा व्हिडिओ पाठवला. खलनायक प्लायवूडच्या मोटारीतून येते अन् त्याच्या हातात स्टेअरिंगचं सोनेरी चाक. तारांच्या आऱ्याचं, एमजीचं असते तसंच! हेमराज ताटावरून उठले.

सकाळच्या एसटीनं आम्ही सिंदेवाही गाठली. नाटक कंपनीचे मालक बापूराव ऐकायलेच तयार नाई. "सीझन सुरू आहे जी. खलनायकाची एन्ट्रीच या चाकावर आहे."

हेमराज भांडले नाई. घरी आले अन् तीन दिवसांत सागवानाचं, सायकलच्या तारा लावून, सोनेरी रंगाचं चाक बनवलं. परत नेलं. बापूराव फिरवून पाहून राह्यले. "हे तं जास्तच चमकते!"

"मंग ठेवा," हेमराज म्हणाले. "नाटकाले नकली चालते. माह्या बापाले नाई चालत."

घरी येऊन अस्सल चाकाचा सोनेरी रंग खरवडला अन् ते मामाजीच्या मांडीवर ठेवलं. त्यायनं काठ चाचपला, सावकाश, पुरा गोल. एका जागी हात थांबला. तिथी खोलगट खोक होती. वाकडं बोट त्यात ठेवून म्हणाले, "हेच. छडी बोटावरून घसरून इथी लागली होती." अन् ढसढसा रडले. मी पण रडली, काऊन लपवू?

रविवारी चाक गाडीले लावलं अन् आम्ही दोघायनं धरून मामाजीले आत बसवलं. पांढरा सदरा, निळी टोपी, हात चाकावर. नेमका तेव्हाच नागपूरहून एक पोरगा आला. साहेबाचा नातू. गाडीची खबर कुठून तरी लागली होती त्याले. बोलायले गोड, वाकून पाया पडला.

"माझ्या आजोबांची गाडी आहे ही. बाबा, जरा उठता का? स्टेअरिंगवर बसून एकच फोटो काढतो."

हेमराजचा चेहरा लाल झाला. मी तोंड उघडणारच होती, पण मामाजीनं हात वर करून थांबवलं. दुसरा हात चाकावरून हलला नाई.

"बस ना बाबू," ते म्हणाले. "तुले कोणाची मनाई नाई. पण त्या बाजूनं ये. इथी मी बसलो आहो."

पोरगा वळसा घालून बाजूच्या शिटावर बसला. फोटो मीच काढला. चाकावरचं वाकडं बोट त्यात साफ दिसते.