पूर्व गॅलरीचा हुकूम

वायरलेसवर बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही, म्हणून मोठी माणसं तिथं लाज सोडून बोलतात. नाशिकच्या पोलीस वायरलेसमध्ये मी हे रोज ऐकायचो. सोड्याच्या बाटल्या गार का नाहीत, बाईसाहेबांना देवळात सोडलेली गाडी परत का आली नाही, काजूची बशी कुठं अडकली. सगळं सरकारी सेटवरून, बंदोबस्ताच्या नावाखाली. सहा महिन्यांतच मला त्याचा वीट आला. पुंजाराम पगारेंना मात्र तो कधी आला नाही. असले निरोपही ते शांतपणे पोचवायचे आणि मला म्हणायचे, "लिही गोरक्ष. वेळेसकट लिही."

पगारे हेड कॉन्स्टेबल आणि ऑपरेटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मूळचे देवळा तालुक्यातले. त्यांचे वडील गावकीच्या कामावर होते. पाटलाचा निरोप घेऊन उन्हातान्हात गावोगाव पायी जायचं, कुणाच्या मयताची खबर सांगायची, आणि ज्यांना सांगायची त्यांनी दाराबाहेरच उभं करायचं. छप्पन्न साली घर बौद्ध झालं, गावकी सुटली, आणि मुलगा शिकून वायरलेसमध्ये भरती झाला. "धंदा तोच," अण्णा हसून म्हणायचे, "फक्त आता पायताण झिजत नाही." निरोपात आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही, गाळायचा नाही, हे बापाचं व्रत त्यांनी पुढं चालवलं. ऐंशीच्या कुंभमेळ्यात घाटावरचा सेट त्यांच्याकडे होता. सतरा तास कान सुजेस्तोवर हेडफोन लावून बसले, पण एक निरोप इकडचा तिकडे झाला नाही.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत शहरात राज्यपातळीवरची कबड्डी भरली. पिंपळगाव, लासलगाव, देवळा, सगळीकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं आली. मैदानाच्या चारी बाजूंनी बल्ल्या आणि फळ्यांच्या गॅलऱ्या उभ्या केल्या होत्या. काम स्पर्धा समितीच्या अध्यक्षांच्या साडूला दिलेलं. त्यानं जिथं लोखंडी तार हवी तिथं सुंभ वापरला होता. हे कुणालाही दिसत होतं, आणि ज्यांनी बघायचं त्यांनी पाहुणचार खाऊन डोळे मिटले होते.

तंबूतला मुख्य सेट सोडून आमच्याकडे सेट पाच. अण्णांनी दोन दिवस मैदान पायाखाली घालून ते वाटले होते: मुख्य दरवाजा, पूर्व गॅलरी, पश्चिम गॅलरी, बंदोबस्ताचे साहेब आणि अॅम्ब्युलन्स. अंतिम सामन्याच्या सकाळी साहेबांनी अॅम्ब्युलन्सचा सेट काढून घेतला. प्रमुख पाहुणे मुंबईहून मोटारीनं येणार होते. त्यांच्या मोटारीला पाच सुवासिनी ओवाळणार, बँड वाजणार, आणि त्याशिवाय सामना सुरू होणार नव्हता. निरांजनं वेळेवर पेटायला हवीत म्हणून तो सेट घेऊन एक जमादार आग्रा रोडवर उभा केला.

"साहेब, अॅम्ब्युलन्सला निरोप कसा द्यायचा?" अण्णांनी विचारलं.

"माणूस पळवा. कबड्डीत कोण मरतंय, पगारे?"

सामना तीनचा. चार वाजले तरी पाहुणे नव्हते. तंबूत अण्णा सेटवर आणि शेजारी मी लॉगशीट घेऊन. दर दोन मिनिटांनी समितीचा कुणीतरी साहेबांच्या सेटवर ओरडायचा, घोटी ओलांडली का, विल्होळी आली का, नारळ फोडू का. चॅनल एकच. एकजण बोलत असला की बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. त्या चिवचिवाटात चार बाराला पूर्व गॅलरीचा आवाज आला. तिथं मंगळू गावित होता, सुरगाण्याकडचा शिपाई, लाकडात वाढलेला माणूस.

"अण्णा, खालच्या बल्ल्या सरकत्यात. सुंभ ढिला पडला. मानसं उतरवाया पायजेत. ओव्हर."

चॅनल मोकळं होताच, चार चौदाला, अण्णांनी तो निरोप शब्दाला शब्द साहेबांना दिला. उत्तर चार पंधराला आलं. ते मी लिहून घेतलं, म्हणून मला तोंडपाठ आहे: "पाहुणे पाच मिनिटांत येताहेत. समोरचीच गॅलरी रिकामी दिसली तर कसं दिसेल? माणसं दाबून बसवा. ओव्हर."

दाबून बसवा! माणसं नव्हेत, कांद्याच्या गोण्या होत्या त्या. मला त्याच क्षणी शिसारी आली होती, पण मी काय केलं? लिहिलं.

चार एकोणीसला मंगळू पुन्हा बोलला. त्याचा आवाज बदलला होता. "एक जोड सुटला. वर आठशे मानूस हाय. अण्णा, काय करू?"

अण्णांनी साहेबांना हाक दिली. एकदा, दोनदा, तीनदा. तिकडून बँडचा आवाज आणि "हार आणा, हार" एवढंच. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात ज्या माणसानं कुणाच्या निरोपात काना-मात्रा बदलला नव्हता, त्यानं चार वीसला बटण दाबलं.

"पूर्व गॅलरी, साहेबांचा हुकूम आहे. गॅलरी रिकामी करा. वरून नको, खालच्या रांगेपासून उतरवा. सावकाश. ओव्हर."

मग मला म्हणाले, "हेही लिही. हुकूम साहेबांचा नाही, माझा, असं लिही."

मंगळूनं आणि दोन होमगार्डांनी माणसं उतरवायला घेतली. लोक शिव्या देत उतरत होते, जागा जाईल म्हणून. चार सव्वीसला गॅलरी बसली. तोवर सहाशे माणसं खाली आली होती. वरची दोनशे पडली. अण्णांनी मला अॅम्ब्युलन्सकडे पळवलं. ती पश्चिम दाराशी, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि ड्रायव्हर पाहुणे बघायला गर्दीत गेलेला. त्याला शोधून गाडी आणेपर्यंत वीस मिनिटं गेली. पस्तीस जखमी झाले. देवळ्याचा झुंबर नावाचा एक माणूस गाडीची वाट बघता बघता गेला.

आणि सामना झाला. हो, झाला. पूर्व बाजूला कनात लावून तासाभरानं झाला, भाषणासकट.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर माझंच लॉगशीट होतं. "अक्षर सुरेख आहे तुझं," ते म्हणाले. "याची स्वच्छ प्रत काढ. नको ते गाळ." नको ते म्हणजे चार वाजून बारा, चौदा, पंधरा आणि एकोणीस मिनिटांचे निरोप. राहिला फक्त वीसचा निरोप, अण्णांचा. समितीचे अध्यक्ष शेजारी पेढे खात बसले होते. ते म्हणाले, "कानाला हेडफोन लावला की यांना वाटतं खुर्चीच मिळाली." 'यांना' म्हणजे कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. त्यांच्या बोटांना पेढ्याचं तूप लागलं होतं आणि त्याच बोटानं त्यांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला.

मी मार्चमध्ये नोकरीत कायम व्हायचा होतो. मी प्रत काढली. साहेब आणि अध्यक्ष यांच्या नावानं मी इतकं थुंकतोय, पण त्या प्रतीवर डाग पडू नये म्हणून मी हाताखाली टीपकागद घेतला होता, हेही सांगून टाकतो.

चौकशीचा निष्कर्ष असा, की गॅलरी भक्कम होती; ऑपरेटरनं साहेबांच्या नावानं खोटा हुकूम दिल्यामुळं लोकांत घबराट उडाली, चेंगराचेंगरीचा भार एका बाजूला आला आणि गॅलरी बसली. मंगळूनं खरं सांगितलं, तर त्याचा सेट नादुरुस्त होता असं लिहिलं. अण्णांच्या समोर माझी प्रत ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. काही म्हणायचंय का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "हुकूम मी दिला. एवढंच."

बाहेर आल्यावर मी त्यांचे पाय धरायला गेलो. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. "तुला अजून कायम व्हायचंय," ते म्हणाले. यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

अण्णांना सेटवरून काढून भांडारात टाकलं, जुन्या बॅटऱ्यांमध्ये. अॅसिडनं बोटं फाटायची. मी कायम झालो आणि त्यांच्या खुर्चीवर बसलो. दुपारचा डबा मात्र मी भांडारातच खायचो. तसाच एप्रिलमधल्या एका दुपारी बसलो होतो, तेव्हा झुंबरची बायको भागीबाई आली. सोबत दीर जयराम. त्याच्या हातात पेपरातली चौकशीची बातमी, घडी घालून घालून मऊ झालेली.

"हुकूम देनारा कोन शे?" तिनं विचारलं.

अण्णा उठून उभे राहिले. फाटके हात पुसले आणि जोडले. "मी."

ती ओरडली नाही. त्यांच्या पायाशी थुंकली. अण्णा तसेच हात जोडून उभे. एकच वाक्य बोलले असते, बाई, मी तुमच्या माणसाला वाचवायला बघत होतो, तर ते खोटं नव्हतं. पण पुढं तिनं विचारलं असतं, मग कागदात तसं का नाही? आणि माझं नाव निघालं असतं.

मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"तुम्ही तठे व्हतात ना, भाऊ? खरं काय झायं, सांगा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मान वळवून खिडकीकडे केली, मला मोकळं सोडायला. जयराम कागदाची घडी करायचा थांबला.

"मी फक्त लिहायला होतो, बाई," मी म्हणालो.