लाल फुल्यांची सभा

चहाचे कप आधी खाली ठेवा, नाहीतर माझा गाढवपणा ऐकून सांडाल!

मी संगमनेरला समाजकार्य शिकत होतो. फिल्डवर्कला शेजारच्या अकोले तालुक्यातलं एक गाव मिळालं. काम एवढंच, लोक जमवायचे आणि सभा घ्यायची. पहिल्या दोन सभांना आलं कोण? मी आणि एक शेळी! तिसरीला आमच्या मॅडम स्वतः येणार होत्या. "सलीम, या वेळी माणसं दिसली नाहीत तर नापास!"

त्या दिवशी सकाळी फॉर्म घेऊन घरोघर हिंडलो. गाव भाताच्या सोंगणीला, घरात म्हातारी माणसं तेवढी. घर कच्चं की पक्कं, खोल्या किती, सगळं विचारलं. एकाच घरी दोनदा जायला नको म्हणून विचारून झालं की दाराशेजारी लाल खडूनं फुली! काय डोकं चालवलं, असं वाटलं मला.

मला काय माहीत, शेजारच्या गावात रस्ता रुंद करताना अशाच लाल फुल्या मारल्या होत्या आणि पाठोपाठ जेसीबी आला होता!

चार वाजता अंगणवाडीत सतरंजी टाकून बसलो. तेवढ्यात गलका. खिडकीतून बघतो तर अख्खं गाव, हातात विळे आणि काठ्या!

"कुठं हाय तो फुल्या मारनारा?"

"घरं पाडत्यात व्हय? आमी काय मेलो का?"

बाहेर जाऊन समजावायचं? मी? छे! कडी लावली आणि टेबलाखाली शिरलो. म्हटलं, या अल्ला, एवढ्या वेळेला वाचव, परत कुणाचं घर कच्चं का पक्कं विचारणार नाही!

बाहेर सकाळच्या म्हाताऱ्यांतली हौसाआजी कडाडली, "ग्रामसभेत इचारल्याबिगर कुनीबी सही करायची न्हाई! पाच जनांची कमिटी करा, आत्ताच्या आत्ता!" झाली की कमिटी! मला महिनाभर जमलं नव्हतं ते.

मग मॅडमचा आवाज आला. "आजी, एवढी माणसं जमवली कुणी?"

"सकाळी फारम घिऊन आल्ता त्या पोरानं. पर त्यो गावंना अजून!" म्हणत आजीनं खिडकीत डोकं घातलं. "अगं बाई, ह्यो बघा! लई थरथरतंय!"

माझ्याकडून फुल्यांचं कारण ऐकून मॅडमनी खुलासा केला तेव्हा गाव पोट धरून हसलं. मग ओलं फडकं घेऊन एकेक फुली मीच पुसली. आजी मागं उभी, "हितं राह्यली बघ एक!"

पास झालो, बरं का! फिल्डवर्कच्या वहीतला मॅडमचा शेरा अजून पाठ आहे: "लोकसंघटन उत्तम. संघटक टेबलाखाली."