बोळक्या तोंडाला दाताची तारीख

दातांच्या दवाखान्यात सतरा वर्षं रिसेप्शनवर बसलेल्या ताईंनी बेचाळिसाव्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकून नोकरी मिळवली, याचं सगळ्यांना कौतुक होतं. पण नोकरीचे पहिले तीन महिने कच्चे. कायम करायचं की निरोप द्यायचा, ते शुक्रवारी ठरणार होतं, आणि मंगळवारी ताईंनी घोळ घातला.

पेशंटना तारखेची आठवण करून देणारा एक क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, त्यांनी लिहिला होता. प्रत्यक्ष मेसेज पाठवणारा ऑब्जेक्ट, म्हणजे धाडणारा, तो क्लास आपल्या पोटातच तयार करायचा. ताईंनी नुसती टेस्ट चालवली आणि तीनशे लोकांना खरेखुरे मेसेज गेले, की उद्या दात काढायचा आहे, उपाशी येऊ नये. काम ताईंच्याच जुन्या दवाखान्याचं आणि यादीही तिथलीच, त्यामुळे तिथली जुनी पेशंट असलेल्या आईलाही मेसेज गेला. तिच्या तोंडाचं बोळकं होऊन नऊ वर्षं झाली होती.

ऑफिसातल्या सीनियरला सगळे दाढी म्हणत. तो रागावला नाही. क्लासनं धाडणारा स्वतः बनवू नये, बाहेरून घ्यावा, म्हणजे टेस्टच्या वेळी खोटा धाडणारा देता येतो आणि कुणाला मेसेज जात नाही. यालाच डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात, असं त्यानं सांगितलं. ताईंनी मान डोलावली. डोक्यात काडीचंही शिरलं नव्हतं.

मुळात त्यांना पटतच नव्हतं. नवरा गेल्यापासून बारा वर्षं त्यांनी कुणापुढे हात पसरला नव्हता, आणि इथे म्हणे, शहाणा क्लास तोच, जो दुसऱ्याकडून मागून घेतो. बुधवारी त्यांनी धाडणारा उचलून दुसऱ्या क्लासच्या पोटात घातला. आगीतून फुफाट्यात. गुरुवारी दाढीनं पुन्हा समजावलं आणि ताईंनी पुन्हा मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी त्यांचा उतरलेला चेहरा आईनं पाहिला आणि सगळं काढून घेतलं.

"अगं, त्या दाढीलाच विचार ना. लाज कसली? मी नाही का दवाखान्यात जाऊन विचारून आले, कुठला दात काढताय म्हणून?"

ताईंना हसू आलं आणि भरूनही आलं. ऑफिसात त्या थेट दाढीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला कळलेलं नाही. मंगळवारीही नव्हतं. उगाच मान हलवली मी."

दाढीनं खुर्ची पुढे ओढली. "बसा. प्रोग्रॅम सुरू होतो तिथे धाडणारा एकदाच बनवायचा आणि क्लासच्या हातात ठेवायचा. खरा की खोटा, ते क्लासला कळायची गरजच नाही."

दुपारी खोटा धाडणारा देऊन टेस्ट चालली. दाढी म्हणाला, सोमवारी कायम नोकरीसाठी कागदपत्रं घेऊन या. ताईंनी घरी फोन लावून विचारलं, मेसेज आला का.

"नाही आला," आई म्हणाली. "म्हणजे राहिलीस ना गं तू?"

"राहिले. अजून नीट कळलेलं नाही, पण राहिले."