अक्काचा कोपरा

इथे, या गूढ अनुभवांच्या ग्रुपवर लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगतात, की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मीही तेच सांगणार आहे. फरक एवढाच, की माझा अजूनही नाही. तरीही जे झालं ते झालं… आणि ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं. घरात सांगायला आता कुणी नाही, म्हणून इथे लिहिते आहे. रोज चार ओळी लिहिते आणि थांबते. त्यामुळे कुठे सांधा जुळला नसेल तर समजून घ्या.

आमचं घर कोल्हापुरात, कळंब्याच्या रस्त्याला आहे. मी कॉलेजात मराठी शिकवते. माझी थोरली बहीण — तिला आम्ही अक्का म्हणायचो — लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी परत आली होती. आई लवकर गेली, तेव्हा मला आणि धाकट्या प्रकाशला तिनंच वाढवलं. पुढे प्रकाश नोकरीसाठी पुण्याला गेला, तिथेच त्याचा संसार झाला. मी लग्न केलं नाही. मग घरात आम्ही दोघीच. गेल्या हिवाळ्यात अक्काही गेली. बरेच महिने आजारी होती. तो भाग मी इथे लिहीत नाही.

गोष्ट आहे आमच्या जेवणाच्या टेबलाची.

टेबल सागवानी, चांगलं जाडजूड. आमच्या कुरुंदवाडच्या दुकानात वडील त्यावर कापड मोजायचे. एका पुरात ते पाण्यात उभं राहिलं आणि त्याचा एक पाय खालून कुजला. वडिलांनी कुजका भाग कापून टाकला, आणि तेव्हापासून टेबल डुगडुगायचं. कोल्हापूरला बिऱ्हाड हललं तेव्हा ते आमच्या स्वयंपाकघरात आलं, पश्चिमेच्या खिडकीशी. आखूड पायाच्या कोपऱ्याला अक्का बसायची आणि तिच्या तिरकस समोर मी. तिचा कोपरा दाबला की माझा वर उचलला जाई, सोडला की खाली येई — टक्.

आम्ही जैन. अक्काचे दोन नियम फार कडक होते. जेवण दिवस मावळायच्या आत, आणि जेवताना मौन. एकदा पानावर बसली की हात धुऊन उठेपर्यंत तोंडातून शब्द नाही. पण घर तर चालवायचं असे, आणि समोर मी — पुस्तकात डोकं घालून बसलेली, ताटाकडे लक्ष नसलेली. मग ती डाव्या तळव्यानं आपला कोपरा दाबायची. एकदा टक् म्हणजे पाणी दे. दोनदा टक्-टक् म्हणजे पुस्तक मिट आणि जेव. आणि गडगड गडगड सारखं टेबल हललं तर धावत गॅसकडे जायचं, कारण दूध उतू जात असे.

मौन सुटलं की मात्र ती सगळं भरून काढायची. "व्हय गं, त्या पुस्तकात काय भाकरी भाजत्यात काय? समोर ताट हाय, त्याच्याकडं बघ की जरा!" आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, टेबल मोडकं आहे. आम्हाला ती आमची भाषा होती. अर्थात तेव्हा मी तिला भाषा वगैरे म्हणत नसे. टेबल हलायचं आणि मी जेवायचे, इतकंच.

अक्का गेल्यावर माझं जेवणच बिघडलं. स्वयंपाक एकटीसाठी होत नाही, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. कधी दूध पिऊन झोपायचे, कधी तेही नाही. मार्चमध्ये प्रकाश आला आणि मला बघून दारातच थांबला.

"ताई, आरशात बघितलंयस का स्वतःला?"

"बघते की रोज. केस विंचरायला."

"चेष्टा नको करू. हे काही खरं नाही. सुट्टी लागली की तू पुण्याला यायचंस. कायमची."

मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते. मग घर आवरणं सुरू झालं. प्रकाशला 'डीक्लटर' हा शब्द फार आवडतो. तो सारखा तो म्हणत होता आणि मी पितळेच्या डब्यांना हात लावून बघत होते. लोखंडी कॉट गेली, ट्रंका गेल्या, अक्काची लुगडी नात्यातल्या बायकांनी नेली. टेबल काही प्रकाशच्या फ्लॅटच्या दारातून आत जाणारं नव्हतं. ते विकायचं ठरलं. पण डुगडुगतं टेबल घेणार कोण? म्हणून आमच्या ओळखीचे बशीरचाचा, जुन्या फर्निचरचं काम करणारे, त्यांना बोलावलं.

बशीरचाचांनी अंगणात टेबल उलटं केलं, आखूड पायाला सागाचा तुकडा चिकटवून खुंट्या मारल्या, सगळं घासून काढलं, पॉलिश केलं. वाळल्यावर परत जागेवर नेऊन ठेवलं. बुडबुड्याची लेव्हल चारी बाजूंना लावून दाखवली. "बघा बाई! आता याच्यावर लग्नाचं जेवण वाढा, वाटीतलं तूप हलणार न्हाय." टेबल ओळखू येत नव्हतं. सुंदर दिसत होतं. प्रकाश खूश झाला आणि गिऱ्हाईक बघायला म्हणून गावात गेला.

त्या दिवशी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते, माझ्याच जागेवर. उन्हं उतरली होती, खिडकीतून तांबूस पट्टा टेबलावर आला होता. डोकं दुखत होतं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे आठवण्याइतकंही माझं लक्ष नव्हतं.

टक्-टक्.

मी पेन खाली ठेवलं, पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला, उठले आणि पोळ्यांचा डबा काढला. हे सगळं सवयीनं झालं. ताटात पोळी घेऊन बसले, एक घास तोंडात घातला… आणि मग माझ्या लक्षात आलं.

मी समोर बघितलं. अक्काची खुर्ची तर दोन दिवसांपूर्वीच भंगारात गेली होती. तिथे नुसती भिंत होती आणि भिंतीवर खुर्चीची पाठ घासून पडलेला डाग.

मी उठून तो कोपरा दाबला. आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी, मग पोट टेकवून सगळा भार टाकून. टेबल जमिनीतून उगवल्यासारखं घट्ट होतं.

मनाचे खेळ, असं मी स्वतःला सांगितलं. भूक, दुःख, इतक्या वर्षांची सवय. कुणीही हेच म्हणालं असतं आणि मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला प्रकाश माझ्या समोरच्या बाजूला उभा राहून चहा पीत फोनवर बोलत होता. मी वाचत होते. टक्-टक् झालं आणि टेबलावर ठेवलेल्या त्याच्या कपातला चहा बशीत सांडला.

"अजून हलतंय की गं हे!" तो वैतागून म्हणाला. "चांगलं काम करतात म्हणून बोलावलं, आणि हे असलं? थांब, चाचांना फोन लावतो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला त्या आवाजाचा अर्थ माहीत नव्हता. अक्कानं मौनाचा नियम घेतला तो प्रकाश पुण्याला गेल्यानंतर. त्याला फक्त टेबल हललेलं कळलं होतं. म्हणजे हललं होतं.

बशीरचाचा आले ते चिडूनच. लेव्हल लावली. बुडबुडा मधोमध. वाकून चारी पायांखालून कागद सरकवून बघितला, सरकला नाही. मग म्हणाले, "मी केलेलं टेबल हलतंय? थांबा." आणि चप्पल काढून ते सरळ अक्काच्या कोपऱ्यावर चढून बसले. बशीरचाचांचा देह चांगला दणकट आहे.

"हललं? बोला की! हललं?"

"नाही," प्रकाश म्हणाला.

"मग चहा काय म्या सांडला?"

प्रकाश ओशाळला. फरशी तपासली, तीही सपाट निघाली. शेवटी रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली असेल, तिचा हादरा बसला असेल, असं दोघांचं ठरलं. माझ्या मनात एकच गोष्ट चालली होती — हे टेबल विकलं जाणार आहे.

रात्री मी प्रकाशला सांगितलं, की टेबल विकायचं नाही आणि मी पुण्याला येत नाही. तो रागावला, मग काकुळतीला आला. "इथं तुझ्या जेवणाकडे कोण बघणार आहे?" याचं उत्तर मला देता आलं नसतं. मी फक्त म्हटलं, "मे महिन्यात येऊन बघ. वजन भरलं नसेल तर तुझ्याबरोबर येईन." यावर तो तयार झाला.

प्रकाश गेला. मग रोज संध्याकाळी तो आवाज यायचा. मी मुद्दाम वाट बघत बसले तर यायचा नाही. वाचनात गुंतले की यायचा. आणि मी उठायचे, भात लावायचे, खिडकीत उजेड आहे तोवर जेवायचे. भीती एकदाही वाटली नाही. खरं तर त्या दिवसांत दिवसभर मला बरं वाटायचं, तासाला उभं राहिल्यावरही.

मग आवाज बारीक व्हायला लागला.

आधी दोन आवाजांमधलं अंतर वाढलं. टक्… आणि बऱ्याच वेळानं दुसरा. मग दुसरा इतका हलका, की ऐकला की नुसता वाटला, ते कळेना. एका संध्याकाळी पहिला आला आणि दुसरा आलाच नाही. मी पुस्तक धरून तशीच बसून राहिले, अंधार झाला तरी. जेवले नाही.

हे मी आधी ऐकलेलं होतं. आजारपणात अक्काच्या हातातली शक्ती गेली होती. शेवटी शेवटी ती दोन्ही तळवे कोपऱ्यावर ठेवायची, त्यावर अंग टाकायची, तेव्हा कुठे एक टक् व्हायचं. मग ती दम घ्यायची. दुसऱ्या आवाजाची वाट बघत मी पुस्तक मिटून बसायचे. मिटलेलं दिसायचं तिला, तरी ती दुसरा द्यायचीच. अर्धवट सांगणं तिला जमत नसे.

आणि तेव्हा तर टेबल डुगडुगतं होतं. आता बशीरचाचांनी ते असं केलं होतं, की दणकट माणूस वर चढून बसला तरी हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचांकडे गेले.

"चाचा, त्या पायाला जोडलेला तुकडा काढून टाकायचाय."

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "काय बाई, गरिबाची चेष्टा करताय व्हय? हलतंय म्हणून परवा बोलवलासा, आता हलत न्हाय म्हणून बोलवताय?"

"हो."

"अवो, पॉलिश केलेल्या पायाला करवत लावायची? उद्या कुणी बघितलं तर म्हणंल, बशीरनं काम बिघडवलं."

"कुणी बघणार नाही. घरी मी एकटीच असते."

का कोण जाणे, यावर ते उठले आणि माझ्याबरोबर घरी करवत घेऊन आले. तुकडा कापायला वेळ लागला, काम पक्कं केलं होतं. मग टेबल सरळ करून त्यांनी तर्जनी अक्काच्या कोपऱ्यावर ठेवली आणि जरासं दाबलं.

टक्.

"एका बोटानं हलतंय आता," ते म्हणाले. "बास?"

"बास," मी म्हटलं.

मे महिन्यात प्रकाश येऊन गेला. माझ्याकडे बघून समाधानानं हसला, आणि टेबल परत हलतंय म्हणून बशीरचाचांच्या नावानं बोटं मोडून गेला. मी त्याला खरं सांगितलेलं नाही. हे इथे वाचून कळलं तर कळलं.

हे सगळं काय होतं, मला माहीत नाही. घट्ट असताना ते टेबल कसं हललं, याचा खुलासा माझ्याकडे नाही, आणि तो शोधायची सोयही आता मीच घालवून बसले आहे. डुगडुगतं टेबल कशानंही हलतं — वाऱ्यानं, रस्त्यावरच्या ट्रकनं, माझ्याच कोपरानं. संध्याकाळी काय हलवतं ते मी तपासत नाही.

कालही उन्हं उतरताना मी वाचत होते. टक् झालं, आणि लगेच दुसरं. दोन्ही ठणठणीत.

मी पुस्तक मिटलं.