रिव्हर्सचा हॉर्न

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी डिचोलीत वाचनालयात काम करतो; भुताखेतांची पुस्तकं लोकांना देतो, स्वतः घरी नेत नाही. तरीही हे लिहितोय...

माझा धाकटा भाऊ सुहास मयेजवळच्या एका बांधकामावर छोटा लोडर चालवायचा. पुढची बकेट मातीने भरून उतार उतरताना तो नेहमी रिव्हर्समध्ये यायचा. वजन चढाच्या बाजूला राहिलं की मशीन पालथं होत नाही, म्हणायचा. सोबती चिडवायचे, "देवळातून बाहेर पडतोस काय रे, पाठ न दाखवता?"

त्याच उतारावर लोडर उलटला आणि सुहास त्याखाली गेला. सुपरवायझरने सांगितलं, सरळ खाली आला, चूक त्याचीच. तेव्हापासून आई एकच विचारते, "त्याने असं केलंच कसं?"

एका दुपारी त्याचा डबा आणायला साइटवर गेलो. लोडर शेडमध्ये उभा होता. बॅटरी काढलेली, वायरी लोंबत होत्या. सुपरवायझर मशीनच्या मागे उभा राहून पुन्हा तेच म्हणाला, "सर, चूक ताचीच. मी ताका सदांच सांगतालों, रिव्हर्स यो म्हूण..."

आणि टीं... टीं... टीं... रिव्हर्सचा हॉर्न. अगदी लोडरमधूनच.

सुपरवायझरने बाजूला उडी मारली.

मी बॅटरीची जागा पाहिली. रिकामी. दुसरं मशीन आवारात नव्हतं.

"कसला आवाज तो?" मी विचारलं.

"आवाज? खंयचो आवाज?" तो म्हणाला, आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं.

फाटकाशी चंदगडचा परशराम भेटला, सुहासबरोबर काम करणारा. हळूच म्हणाला, "दादा, तो हॉर्न कवाच मेला हुता. मागं कुणी चिरडायला नको म्हणून ह्या सुपरवायझर सायबानंच रिव्हर्स यायला बंदी घातली. हॉर्न दुरुस्त करा म्हणून सुहास भांडला. त्या दिशी पयल्यांदा सरळ आला त्यो."

आईला मी परशरामचं तेवढं सांगितलं. तिने त्याचा डबा पुसून फळीवर ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे सांगितलेलं ऐकलं त्याने."

कुणाच्या मोबाईलची रिंगटोन असेल, माझ्याच डोक्यातला आवाज असेल... सगळं मनाला सांगून पाहिलं. पटत नाही. मेलेला हॉर्न बॅटरीशिवाय कसा वाजला, मला आजही माहीत नाही.

पण सुपरवायझरला काहीच ऐकू आलं नव्हतं, तर तो मशीनच्या मागून बाजूला का झाला?