दगडावरची मावशी

छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून डोळ्यांचं वाटोळं झालं, तरी प्रूफबाईंची एक खोड गेली नव्हती. कागद हाती आला की वरच्या तारखेपासून तळाच्या मुद्रकाच्या नावापर्यंत सगळा वाचायचा. मधलं काही सोडायचं नाही. आयुष्यात मात्र त्यांनी पुष्कळच सोडलं होतं. तीन स्थळं येऊन गेली. प्रत्येक वेळी पाहुणे टेकले रे टेकले की आतून आईचा खोकला सुरू व्हायचा, तोही असा की ऐकणाऱ्याच्याच छातीत कळ यावी. "आईंना टाकून कशी येणार ही?" म्हणत पाहुणे उठायचे. लग्नाचा विषय मग आपोआपच संपला.

आता आई अठ्ठ्याऐंशीची होती. अंथरुणाला खिळलेली, तोंड तेवढं शाबूत. तिचा एकच हट्ट होता. गावाकडच्या दफनभूमीत धाकटीशेजारी जागा हवी. धाकटी म्हणजे तिची बहीण, सहाव्या वर्षी घटसर्पानं गेलेली. "एवढं कर, मग तुला सुट्टी," आई म्हणाली. प्रूफबाईंनी शब्द दिला. शब्द देण्यात त्या पहिल्यापासूनच मूर्ख.

गावी जाऊन त्यांनी मावशीच्या थडग्याच्या दगडावर ओला स्पंज फिरवला, वर खडू घासला. अक्षरं उमटली. मावशीचं नाव, जन्मसाल, मृत्युसाल.

"दगड आहे हो बाई, पण माणूस कुठाय?" राखणदार जुनी वही उलटत म्हणाला. "त्या साली इथं सात जण पुरले. सगळे म्हातारे. पोर एकही नाही."

"लिहायचं राहिलं असेल."

"माझ्या आज्याची वही आहे. तो कुत्रं पुरलं तरी लिहायचा. जुन्या भागात रक्ताचं माणूस खरंच खाली असेल तरच शेजारी जागा मिळते. निधनाची छापील बातमी आणा, मग बघू."

त्या भागाचं साप्ताहिक अजून निघत होतं. कचेरीत जुने अंक सालवार बांधून ठेवलेले. प्रूफबाईंनी ते साल काढलं. निधनाच्या रकान्यात मावशी नव्हती. दुसरं कोणी असतं तर खंड मिटून घरी गेलं असतं. ह्यांनी गाईगुरांच्या जाहिरातीसुद्धा वाचल्या, आणि दुभत्या गाईखाली ही चौकट सापडली:

"मुली दोन, वय नऊ व सहा. गुरे रोगाने गेल्यामुळे पोसणे अशक्य. एक देणे आहे. निवड घेणाऱ्याची."

खाली आजोबांचं नाव. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच नाव: "मुलगी दिली. कोणी चौकशीस येऊ नये."

म्हणजे दगड लोकांची तोंडं बंद करायला उभा केला होता.

म्हातारा व्यवस्थापक खांद्यावरून डोकावला. "ह्या गावचं का? लहानपणी इथूनच दिलेल्या एक बाई दर वर्षी जाहिरात द्यायला यायच्या की. एकच मजकूर, एकोणीस वर्षं." त्यानं बऱ्याच नंतरच्या सालाचा एक खंड काढून दिला.

"माझ्या थोरल्या बहिणीला शोधत आहे. मला नेले त्या दिवशी तिला फार खोकला होता. ती जगली का, एवढेच कळवावे."

प्रूफबाईंनी त्या पानावर बोट ठेवलं ते ठेवलंच. हे साप्ताहिक टपालानं घरी यायचं. वर्षातून एका अंकाला नेमकं ह्याच जागी चौकोनी भोक असायचं. "विणकामाचा नमुना होता," आई सांगायची. आईनं जन्मात सुई धरली नव्हती.

"आता कुठं असतात त्या?"

"अकरा वर्षं फिरकल्या नाहीत. मेल्या असतील, दुसरं काय? शेवटच्या खेपेला मी म्हटलं, बाई, पुरे करा आता. तर म्हणाल्या, तिचा खोकला फार वाईट होता हो."

घरी येऊन प्रूफबाईंनी तिन्ही जाहिराती आईला वाचून दाखवल्या. छापखान्यात वाचायच्या तशाच, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट.

आई ढिम्म. "मलाच न्यायला आले होते. थोरली कामाला बरी म्हणून. मी खोकले. घाबरले ते, धाकटीला नेलं. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं सुचलं, कौतुक कर."

"एक ओळ तरी लिहायचीस तिला."

"काय लिहू? ये, माझा खोकला बघून जा?"

"मग तिच्याशेजारी जागा कशाला हवी?"

"शेजारी कुठली? खाली कोणी नाही म्हणूनच. ऐसपैस पडता येईल." आई हसली. हसता हसता खोकली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

प्रूफबाईंनी पेला भरला, आईच्या तोंडासमोर धरला आणि सावकाश स्वतः पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दफनभूमीच्या अर्जावरचा 'जुना भाग' खोडला आणि लिहिलं: नवा भाग, शेवटची रांग. तिथल्या पाण्याच्या टाकीला कायम गळती होती, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. मग साप्ताहिकाला एक मजकूर पाठवला.

आठवड्यानं अंक आला. त्यांनी तो उघडून आईच्या छातीवर पसरला, चष्मा तिच्या नाकावर चढवला. चौकटीत छापलं होतं: "थोरली जगली. खोकला खोटा होता. तो अजून चालू आहे."

शेजारी त्यांनी कात्री ठेवली.

"विणकामाचा नमुना आलाय," त्या म्हणाल्या, आणि दार ओढून घेतलं.